एनएफएचएसवर थिसिस करायचाय? आधी रिपोर्टमधला एक आकडा काढून दाखवा

नाशिकमध्ये पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पीजींना आणि एमपीएचवाल्यांना (सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करणाऱ्यांना) एनएफएचएसचा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा वापरायला शिकवते त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि प्रत्येक बॅचचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, लॉजिस्टिक रिग्रेशन कधी घेणार?" माझंही उत्तर ठरलेलं, आधी रिपोर्टमधला एक आकडा स्वतः काढून आणा. एनएफएचएस-५ मध्ये पाच वर्षांखालची खुजी (वयाच्या मानाने उंची कमी असलेली) मुलं देशात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२. हेच तुमच्या स्क्रीनवर आलं पाहिजे, पॉइंटसकट. तोवर तुमचं रिग्रेशन कितीही देखणं असू दे, मी बघत नाही.

यात दिवस जातात, जाऊ द्या, खरं शिक्षण यातच होतं. बहुतेक जण केआर फाइल उघडतात कारण तिला मुलांची फाइल म्हणतात, पण तिच्यात फक्त मुलाखत दिलेल्या बायकांची मुलं असतात. कुपोषणाचा तक्ता पीआर फाइलवरून होतो, म्हणजे घरातल्या सगळ्या माणसांच्या यादीवरून, आणि त्यातही आदल्या रात्री त्या घरात झोपलेलीच मुलं धरतात, मग आईची मुलाखत झालेली असो वा नसो. झेड-स्कोरही (मुलाची उंची त्या वयाच्या प्रमाण उंचीपेक्षा किती वर-खाली ते सांगणारा आकडा) शंभरने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे उणे २०० म्हणजे उणे २, आणि माप चुकलं किंवा घेतलंच नाही तिथे ९९९६ आणि त्यापुढचे कोड टाकलेले असतात, ते काढायचे राहिले की तुमच्या सरासरीतली मुलं थेट ताडाएवढी!

आदल्या रात्रीची ती अट कुणी मनावर घेत नाही, पण नाशिकवाल्यांनी तरी घ्यावी. महाराष्ट्रातलं फील्डवर्क २०१९ च्या जून ते डिसेंबरमधलं, म्हणजे कोविडच्या आधीचं (हे लिमिटेशनमध्ये 'कोविडमुळे' लिहिणाऱ्यांनी नीट वाचावं). ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर लेकराबाळांसकट येतात. मग असं मूल कुठल्या घरच्या यादीत आलं असेल, की कुठल्याच नाही? म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी प्रश्नावली वाचा, घरात कोणाला मोजायचं ते ठरवणारे प्रश्न अगदी सुरुवातीलाच आहेत.

वेटबद्दल (हिशेबात कुठल्या घराला किती वजन द्यायचं तो आकडा) सगळे घाबरतात, उगाच. सर्व्हेत ७०७ जिल्हे आणि ६,३६,६९९ घरं, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरं. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्हा ६१ लाखांचा आणि सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, पण म्हणून नाशिकची घरं काही सातपट घेतलेली नाहीत. वेट न लावता राज्याचा आकडा काढला तर सिंधुदुर्गचा आवाज उगाच मोठा होतो, बास, एवढंच. बायकांच्या फाइलमध्ये हे वेट व्ही००५ या नावाने असतं, ते दहा लाखांनी भागायचं. आणि क्लस्टर-स्ट्रॅटाही (घरं ज्या वस्त्यांतून आणि ज्या गटांतून निवडली ते) सॉफ्टवेअरला सांगायचे, नाहीतर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा तो) खोटा अरुंद येतो आणि सगळंच सिग्निफिकंट दिसायला लागतं, मग गाइड खूश.

विषय निवडताना मात्र सगळ्यात जास्त डोकं लावा. "सुरगाणा विरुद्ध निफाड" अशी दोन तालुक्यांची तुलना करणारा सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) दरवर्षी एकतरी येतोच. होत नाही! जिल्ह्याच्या खालचा आकडा या सर्व्हेतून निघत नाही, आणि जीपीएस वापरून तालुका शोधू म्हणाल तर ग्रामीण क्लस्टरची जागा मुद्दाम पाच किलोमीटरपर्यंत हलवलेली असते. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न सुमारे १५ टक्के घरांतच, तेही एका घरातल्या एकाच बाईला विचारलेत आणि त्यांचं वेट वेगळं, त्यामुळे तो विषय राज्यापुरताच. एनएफएचएस-४ शी तुलना करताना पालघर बघा, त्या सर्व्हेत तो वेगळा जिल्हा नव्हताच, त्यामुळे दोन्ही सर्व्हेतला 'ठाणे' एक नाही. नाशिकच्या बाबतीत ही कटकट नाही.

डेटा फुकट मिळतो, डीएचएसच्या (अनेक देशांतल्या अशा सर्व्हेंच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या) साइटवर प्रोजेक्टची माहिती भरून मागायचा. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला तेव्हा तिथली नवीन कामं अडकली होती, त्यामुळे सिनॉप्सिस पास व्हायची वाट न बघता अर्ज आधीच टाका. परवानगी तुमच्या नावाने आणि त्याच प्रोजेक्टपुरती असते, रूममेटला पेनड्राइव्हवर द्यायची नाही, त्याला त्याचा अर्ज करू दे.