या चुका टाळा : टायरमधली हवा गरम असताना कमी करू नका

पेट्रोल पंपावर हवेच्या नळीजवळ गाडी उभी केली की ‘किती मारू?’ असा प्रश्न येतो आणि बहुतेक चालक ‘पस्तीस’ असे सांगून मोकळे होतात. हा आकडा सवयीचा आहे, आपल्या गाडीचा असेलच असे नाही. गाडीचा खरा आकडा चालकाचे दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावरील स्टिकरवर किंवा काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस छापलेला असतो. तेथे 230 केपीए किंवा 2.3 बार असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ पंपावरच्या पीएसआय या दाबाच्या एककात साधारण 33 असा घ्यावा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा मात्र टायर सहन करू शकेल अशा कमाल दाबाचा असतो. तो पाहून हवा भरणे चूक आहे.

याहून घातक चूक मी स्वतः केली आहे. मे महिन्यात कणकवलीहून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापुरात परतलो आणि गाडी थेट पंपावर नेली. गेजवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणावर, 37 दिसले, स्टिकरवर 33 होते, म्हणून चारही चाकांतून हवा सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या गेजने पाहिले, तर काटा 29 वर होता. चालताना टायर सतत दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता निर्माण होते आणि आतल्या हवेचा दाब सहज 4 ते 6 पीएसआयने वाढतो. स्टिकरवरील आकडा ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरसाठी दिलेला असतो. थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेल्या गाडीचा.

‘उन्हाळ्यात टायर फुटतो, म्हणून हवा कमी ठेवावी’ हा समजही याच गैरसमजातून येतो. हवा कमी असली की टायरची बाजू अधिक वाकते, अधिक तापते, आणि दुपारच्या उन्हात महामार्गावरून कागल-बेळगावकडे भरधाव जाताना तोच टायर फुटण्याची भीती अधिक असते. पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणेही तितकेच चुकीचे आहे, कारण कमी हवेच्या टायरचा मधला भाग आत दबतो, खालचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते.

पंप घरापासून लांब असेल, तर एक सोपा उपाय आहे. सकाळी घरीच गेज लावून तूट लिहून ठेवावी. समजा 33 हवे असताना गेजवर 29 दिसले, तर तूट चारची झाली; पंपावर पोहोचेपर्यंत गेज 32 दाखवत असेल, तर त्यात चार मिळवून 36 पर्यंत हवा भरून घ्यावी. हे महिन्यातून एकदा करावेच, कारण धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय कमी होतो, शिवाय तापमान 5-6 अंशांनी उतरले की आणखी एक जातो. एप्रिलमध्ये बरोबर असलेली हवा डिसेंबरच्या थंडीत कमी भरते ती यामुळेच.

एकाच चाकाची हवा वारंवार उतरत असेल, तर नुसती हवा मारत राहू नये. व्हॉल्व्हचे टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. तो हळूहळू फुगू लागला, तर आतली पिन खराब आहे आणि ती बदलणे अगदी स्वस्तातले काम आहे. तेथे काही न दिसल्यास रिमची कड आणि टायरच्या खाचा तपासाव्यात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्यांनी खाचांत रुतलेले खिळे आणि लोखंडी कीस यांवर विशेष लक्ष ठेवावे. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा रस्त्यातच उपसू नये. तो आत असेपर्यंत हवा सावकाश जाते, म्हणून पंक्चरवाल्याकडे हळू जाऊनच तो काढावा.

टायरची झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर जास्त राहिली, असे समजावे. नायट्रोजन भरला तरी तपासणी टळत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

पाच माणसे आणि सामान घेऊन कोकणात उतरणार असाल, तर स्टिकरवरील पूर्ण भाराचा आकडा पाहावा. अनेक गाड्यांत मागच्या चाकांसाठी तो जास्त असतो. त्याच वेळी डिकीतले सामान भरण्यापूर्वी स्टेपनीलाही गेज लावावे, कारण नंतर तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही.