कस्टमर केअरला फोन लावण्याआधी

वायफाय बंद पडलं की आधी एक काम करा: राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालायला निघालेल्या माणसाला थांबवा. ते रीसेटचं बटण आहे. ते काही सेकंद दाबून धरलं की वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण ज्या युजरनेमनं राउटर कंपनीकडे लॉगिन होतो तेही बऱ्याचदा पुसलं जातं. माझ्या आईनं एकदा कुणाच्या तरी सल्ल्यानं हे केलं. मूळ बिघाड तासाभरात निघाला, पण लॉगिनचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता, म्हणून घर तीन दिवस इंटरनेटशिवाय राहिलं. तेव्हा सगळं नीट चालू असतानाच कंपनीकडे लॉगिन होण्याचं हे युजरनेम (याला पीपीपीओई युजरनेम म्हणतात), त्याचा पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक कागदावर लिहून तो राउटरच्या तळाशी चिकटवा.

आता बिघाड घरातला की बाहेरचा, ते ठरवू. रिचार्जची मुदत संपली नाही ना, हे पाहून घ्या. संपली तरी फोनवर वायफाय जोडलेलंच दिसतं. शेजारी त्याच कंपनीचं कनेक्शन असेल तर विचारा. त्यांचंही बंद असेल तर घरात खटपट करू नका, सरळ तक्रार नोंदवा.

फायबर असेल तर त्याची वायर ज्या डब्यात येते, त्यावरचे दिवे वाचायला शिका, अर्धं उत्तर तिथंच मिळतं. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाही, कितीही वेळा बंद-चालू केलं तरी उपयोग नाही. फक्त वायर कपाटामागे दुमडली किंवा दारात चेपली आहे का ते बघा. आत केसाएवढी काच असते, ती फार आखूड वळली की प्रकाश बाहेर निसटतो. वायरचा खटका काढून टोक डोळ्यासमोर धरू नका; त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, धुळीच्या कणानंही सिग्नल पडतो. पॉनचा (कंपनीशी फायबर जोडणी झाल्याचा) दिवा स्थिर हिरवा आणि एलओएस विझलेला असेल तर लाइन बहुधा ठीक आहे; मग घोळ लॉगिनचा, राउटरचा किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेचा.

बंद-चालू करायचं तर क्रमानं करा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींचे प्लग काढा, आधी डबा लावा, दिवा स्थिर झाला की राउटर. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर राउटरवरच्या आकड्यांशी जुळतात का तेही पाहा. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर चुकून इकडे लागणं मी दोन घरांत पाहिलं आहे. वीज सतत ये-जा करते तिथं अडॅप्टर आतून दमतो: दिवे लागतात, पण राउटर दर काही मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो.

इंटरनेट आहे पण संथ आहे, अशी तक्रार असेल तर लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडून स्पीड मोजा. केबलवर वेग पूर्ण मिळाला तर कंपनीचा दोष नाही, भिंतींचा आहे. वायफायचे सहसा दोन पट्टे असतात: ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण आरसीसीच्या भिंतीपलीकडे लवकर दम तोडतं, २.४ लांब जातं, पण मायक्रोवेव्ह आणि शेजाऱ्यांच्या राउटरशी भांडतं. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा आणि राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्या जागी, उंचावर ठेवा. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि केबलवर आकडा ९५ च्या आसपासच अडकला असेल तर आधी केबल बदलून बघा. तिच्या आठ तारांपैकी एखादी तुटली की जोडणी १०० वर उतरू शकते.

एवढं झाल्यावर फोन लावा. हाताशी ग्राहक क्रमांक, दिव्यांचा फोटो, इंटरनेट कधी गेलं ती वेळ आणि केबलवरचा स्पीड ठेवा. बोलणं संपण्याआधी तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि टेक्निशियन कधी येणार ती वेळ त्याच कागदावर लिहा.