सेंट्रल पार्कमधल्या ओढ्याकाठी: तळ्यापासून तळ्यापर्यंत

न्यूयॉर्कला मुलांकडे गेलेली मंडळी सेंट्रल पार्कची दक्षिण बाजू पाहून परततात आणि उत्तरेकडचा ओढा राहूनच जातो. एक-दीड तास हाताशी ठेवा. सबवेच्या बी किंवा सी गाडीने १०३व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरा. शनिवार-रविवारी बी गाडी धावत नाही, सी पकडा.

समोरच्या फाटकातून आत गेलात की ‘पूल’ (Pool) नावाचं तळं लागतं. इथला ओढा मुळात नैसर्गिक होता. १९व्या शतकात पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी तो अडवून तळी केली, मोठमोठे धोंडे रचून धबधबे बसवले. आज तळ्यात येतं ते शहराच्या नळाचं पाणी. पाइप पश्चिम काठाच्या खडकांत असा दडवलाय की उगम खराच वाटतो.

तळ्याच्या पूर्व टोकाला पाणी खाली कोसळतं आणि ग्लेन स्पॅन कमानीखालून वाहतं. पायवाटही तिथूनच जाते. उताराने चालताना धबधबे पाठीमागे पडतात, म्हणून प्रत्येक टप्पा उतरलात की थांबून वळून बघा. पुढचा ‘लॉक’ (Loch) नावाला तळं. गाळाने भरत भरत त्याचा ओढाच झालाय. एप्रिल-मेमध्ये स्थलांतरी पक्षी इथे उतरतात. दुर्बीण असेल तर सकाळी लवकर या.

हडलस्टोन कमान १८६६ची. तिच्या दगडांत चुना-सिमेंट काही नाही, नुसत्या वजनावर उभी आहे. पलीकडे १९६६ साली बांधलेल्या लास्कर या स्केटिंग रिंकने ओढा जमिनीखाली कोंडला होता. ती पाडून २०२५मध्ये डेव्हिस सेंटर हे पोहण्या-स्केटिंगचं नवं केंद्र उघडलं आणि ओढा पुन्हा उघड्यावरून हार्लेम मीर तळ्यात जाऊ लागला. स्वच्छतागृह थेट इथेच, हे निघतानाच लक्षात असू द्या.

झाडीत दिशा चुकते. अशा वेळी दिव्याच्या खांबावरचा क्रमांक वाचा: सुरुवातीचे आकडे जवळच्या रस्त्याचे, शेवटचा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. पावसानंतर दगडी पायऱ्या निसरड्या होतात, चपला नकोत. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय दिसली तर हात घालू नका, कुत्र्यालाही लांब ठेवा. ते विषारी शेवाळ असू शकतं. शिशाच्या जुन्या नळांतून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून शहर पाण्यात फॉस्फेट घालतं, आणि तेच शेवाळाचं खत ठरतं.

परतीला ११०व्या रस्त्यावरून २ किंवा ३ क्रमांकाची गाडी.