विमान एक, नंबर दोन: कोडशेअर तिकीट घेण्याआधी काय तपासायचं

नागपूरहून दिल्लीमार्गे फ्रँकफर्टचं तिकीट शोधायला बसलं की दिल्लीहून सुटणारं एकच विमान यादीत दोनदा दिसतं. एकदा एआय (एअर इंडिया) नंबरनं, एकदा एलएच (लुफ्तान्सा) नंबरनं. सुटायची वेळ तीच, सीट त्याच, भाव मात्र वेगळा. एक कंपनी विमान उडवते आणि दुसरी त्यातल्या सीट स्वतःच्या नंबरनं विकते, हेच कोडशेअर. भावातला फरक लगेच डोळ्यात भरतो. माइल्समधला, म्हणजे प्रवासावर मिळणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटमधला फरक मात्र परत आल्यावर खातं उघडलं की कळतो, आणि तेव्हा काही करता येत नाही.

भाव वेगळा का, हे आधी समजून घ्या. दोन्ही कंपन्या आपापली भाडी स्वतंत्र ठरवतात. प्रत्येक भाड्याला एका अक्षराचा बुकिंग क्लास असतो: वाय, बी, एम, के, एल वगैरे. एकट्या इकॉनॉमीतच डझनभर अक्षरं निघतात. विकणाऱ्याचं प्रत्येक अक्षर उडवणाऱ्याच्या कुठल्या ना कुठल्या अक्षराला जोडलेलं असतं. उडवणाऱ्याकडचा स्वस्त क्लास संपला की विकणाऱ्याकडचा जोडीचा क्लासही बंद होतो. काही वेळा तळाचे क्लास विकणाऱ्याला दिलेलेच नसतात, म्हणून त्याच्याकडे तीच सीट महाग दिसते. पण कोडशेअर नेहमी महागच असतं, हा समज चुकीचा आहे. नागपूर ते युरोप असं सलग भाडं विकताना विकणारी कंपनी कधी कधी खाली येते. त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या साइटवर तीच तारीख, तीच वेळ टाकून बघायचंच.

आता तिकिटाकडे वळू. विकणारा कोण आणि उडवणारा कोण, हे दोन प्रश्न बहुतेकांना माहीत असतात. तिसरा सुटतो: तिकीट काढलं कोणी? ई-तिकिटाचा नंबर १३ अंकी असतो आणि पहिले तीन अंक तिकीट काढणाऱ्या कंपनीचे. ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, १५७ कतार, ६१८ सिंगापूर, २३५ तुर्किश, ०१६ युनायटेड. याचा थेट परिणाम माइल्सवर होतो. युनायटेडचंच बघा: तिकीट ०१६ नं सुरू होत असेल तर माइल्स भाड्याच्या रकमेवर मिळतात. तेच पार्टनर कंपनीचं विमान दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर घेतलं तर अंतर आणि क्लास यांवरून हिशोब होतो. मुलं अमेरिकेत असलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. महाग तिकिटाला पहिली पद्धत फायद्याची, स्वस्त पण लांबच्या प्रवासाला बहुधा दुसरी. तीही क्लासचं अक्षर बरं असेल तरच.

चौथी गोष्ट हे अक्षरच. साइटवर ते 'भाड्याचा तपशील' किंवा 'फेअर रूल्स'च्या मागे लपलेलं असतं. फेअर बेसिस नावाचा लांबलचक कोड दिसला तर त्याचं पहिलं अक्षर बहुतेक वेळा बुकिंग क्लासचं असतं. सीताबर्डी किंवा सदरमधल्या एजंटकडून तिकीट काढत असाल तर सरळ सांगा, "भाऊ, आधी होल्डवर ठेवा. क्लास आणि फेअर बेसिस व्हॉट्सॲपवर पाठवा, मग इश्यू करा." हे त्याच्या स्क्रीनवर समोरच असतं, द्यायला अर्धा मिनिट लागतो.

अक्षर मिळालं की ज्या कंपनीच्या माइल्स कार्यक्रमात माइल्स जमा करायचे आहेत त्याच्या साइटवरचा पार्टनर तक्ता उघडा. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. तक्ता विकणाऱ्याच्या अक्षरावर आहे की उडवणाऱ्याच्या, हे वरच्या ओळीत किंवा तळटीपेत लिहिलेलं असतं. तेच अक्षर एका कंपनीकडे अंतराच्या १०० टक्के माइल्स देतं, दुसरीकडे २५ आणि तिसरीकडे शून्य.

हिशोब असा करायचा. दिल्ली ते फ्रँकफर्ट सुमारे ३,८०० मैल, जाऊन-येऊन ७,६००. क्लासला २५ टक्के असतील तर १,९०० माइल्स, १०० टक्के असतील तर ७,६००. फरक ५,७०० चा. एका माइलची किंमत ५० पैसे धरली तर २,८५० रुपये. म्हणजे वरच्या क्लाससाठी ६,००० रुपये जास्त मोजणं हा घाट्याचा सौदा. अपवाद एकच: भरपूर उडणाऱ्यांना मिळणारं गोल्ड कार्ड थोडक्यात हुकत असेल तर. नागपूर-दिल्ली जेमतेम ५३० मैल, त्या तुकड्यासाठी डोकं शिणवू नका.

कार्डाचे फायदे म्हणजे लाउंज, जादा सामान आणि आधी बोर्डिंग. यांचा नियम माइल्सपेक्षा वेगळा आहे. अलायन्स म्हणजे एकमेकांच्या कार्डांना मान देणाऱ्या विमान कंपन्यांचा गट. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. इंडिगो कोणत्याच अलायन्समध्ये नाही, पण तुर्किश आणि कतार या दोघांशी तिनं कोडशेअर केले. तिकिटावर स्टारमधल्या तुर्किशचा नंबर असला आणि विमान इंडिगोचं असलं तर स्टार गोल्ड कार्ड त्या विमानापुरतं कामाचं नाही. कतार ज्यात आहे त्या वनवर्ल्ड गटाची अट तर दुहेरी आहे: विकणारी आणि उडवणारी, दोन्ही कंपन्या सदस्य हव्यात. म्हणून कतारच्या नंबरवर इंडिगोचं विमान निघालं तर वनवर्ल्डचं कार्ड काउंटरवर दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. बुकिंगच्या वेळी नंबराखालची 'ऑपरेटेड बाय'ची बारीक ओळ वाचा, मोबाइलवर ती बरेचदा दुमडलेली असते.

सामानाचं नागपूरकरांनी खास बघावं. सलग एकाच तिकिटावर परदेशी निघालात तर नागपूर-दिल्ली तुकड्यालाही आंतरराष्ट्रीय सामानाचा नियम लागतो. तो तुकडा वेगळ्या तिकिटावर घेतला की नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच साधारण १५ किलोंची देशांतर्गत मर्यादा आडवी येते, आणि संत्रा बर्फीचे डबे बॅगेतून काढायची वेळ येते. ई-तिकिटावर प्रत्येक तुकड्यासमोर '२ पीसी' (दोन बॅगा) किंवा '१५ के' (१५ किलो) असं छापलेलं असतं. अमेरिकेच्या प्रवासात एका तिकिटावर सुरुवातीला लागलेला नियम शेवटपर्यंत तोच राहावा लागतो, तेवढी सोय आहे. वेगळ्या तिकिटात आणखी एक धोका: पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं सुटलं तर पुढची कंपनी जबाबदार नाही.

तिकीट झाल्यावर उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या. विकणाऱ्याचा सहा अक्षरी पीएनआर तिच्या साइटवर बरेचदा चालत नाही. सीट निवडणं आणि वेब चेक-इन मात्र बहुधा तिथेच करावं लागतं. माइल्सनी अपग्रेड करायचं असेल तर कोडशेअर नंबर टाळलेलाच बरा, बरेचसे कार्यक्रम अशा तिकिटावर ते देतच नाहीत.

चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासवर कोणाचा सदस्य क्रमांक छापलाय ते बघा. उडवणाऱ्या कंपनीकडे तुमचं जुनं खातं असेल तर तिची सिस्टिम कधी कधी तोच नंबर आत घालते, आणि एका प्रवासाचे माइल्स एकाच कार्यक्रमात जमा होतात. चुकीचा नंबर दिसला तर काउंटरवरच बदलून नवा पास छापून घ्या.

प्रवासानंतर पंधरा दिवसांत माइल्स दिसले नाहीत तर दावा करा. त्यासाठी १३ अंकी नंबर असलेलं ई-तिकीट आणि बोर्डिंग पासचा फोटो लागतो. कागदी पासची शाई उडते, म्हणून फोटो त्याच दिवशी काढा. विमान रद्द होऊन तुम्हाला दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवलं असेल तर नव्या पासवरचं अक्षर कमी माइल्सचं असू शकतं. अशा वेळी दाव्यात मूळ तिकिटावरचा क्लास आणि मूळ मार्ग लिहून त्याच हिशोबानं माइल्स मागा, सोबत कंपनीचा रद्द झाल्याचा संदेश जोडा.