छोट्या टर्बो इंजिनासाठी एक्झॉस्ट पाइपचा व्यास कसा ठरवावा

टर्बोच्या छोट्या गाडीचा एक्झॉस्ट बदलायचा म्हटलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो: "पाइप फार मोठा करू नका, इंजिनाला थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) लागतं." हा सल्ला चुकीचा आहे. बिनटर्बोच्या इंजिनालाही दाब नको असतो, वेग हवा असतो. एका सिलिंडरमधून सुसाट निघालेला वायूचा झोत आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि उरलासुरला धूर ओढून नेतो. पाइप अवाजवी रुंद केला की झोत मंदावतो आणि ही ओढ हरवते. टर्बोच्या गाडीत मात्र हे झोत टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूनं फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोतल्या चाकावर आपटून बरेचसे विरतात. चाकातून बाहेर पडलेल्या वायूला पाइपनं कमीत कमी अडवावं, एवढंच उरतं.

म्हणून टर्बाइनच्या अलीकडचा पाइप आणि पलीकडचा पाइप हे दोन वेगळे प्रश्न समजा.

अलीकडे: मॅनिफोल्ड

सिलिंडरमधला वायू गोळा करून टर्बाइनकडे नेणाऱ्या नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड. इथे उष्णता आणि वेग हाच टर्बोचा खुराक. नळ्यांचा आतला व्यास सिलिंडर हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टइतकाच ठेवा. नळ्या रुंद आणि लांब केल्या तर ती पोकळी भरायला वेळ लागतो आणि बूस्ट (टर्बोनं बाहेरच्या हवेच्या वर चढवलेला दाब) उशिरा येतो. हल्लीच्या अनेक छोट्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे निवडीचा प्रश्नच येत नाही. वेगळा असला तरी साध्या वापराच्या गाडीत मूळ ओतीव मॅनिफोल्डला हात लावू नये, असं माझं मत आहे.

पलीकडे: आधी हिशेब, मग पाइप

दुसऱ्या गाडीचा आकडा उचलू नका. तुमचं इंजिन दर सेकंदाला किती वायू बाहेर टाकतं ते काढा. उदाहरणाला १ लिटरचं पेट्रोल इंजिन घेऊ: ५५०० आरपीएम आणि १ बार बूस्ट.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला २७५० लिटर, सेकंदाला सुमारे ४६ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून ९० टक्के धरा. १ बार बूस्टला, इंटरकूलरनं (दाबलेली हवा गार करणारा भाग) थंड केल्यावर ४५-५० अंश सेल्सियसला, हवेची घनता घनमीटरला साधारण २.२ किलो भरते. तिन्ही गुणले की सेकंदाला ०.०९ किलो हवा मिळते. पडताळा सोपा आहे: पेट्रोल इंजिनाला दर १० हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ०.४५ किलो हवा लागते. त्या मापानं हे इंजिन १२० हॉर्सपॉवरच्या आसपास जातं आणि अशा इंजिनाकडून तेवढीच अपेक्षा असते. गाडीची ताकद माहीत असेल तर थेट याच आकड्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

त्यात पेट्रोलचं वजन मिळवा. पूर्ण ताकदीला साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं, तर एकूण ०.०९७ किलो होतं.

खरा फरक पडतो तो तापमानानं. टर्बाइनमधून बाहेर पडताना वायू पूर्ण भाराला ७०० अंशांच्या घरात धरा. पास्कलमधला दाब भागिले (२८७ गुणिले केल्विनमधलं तापमान), म्हणजे घनता. १.१ बार (बाहेरच्या हवेचा दाब धरून) आणि ९७३ केल्विनला ती घनमीटरला ०.३९ किलो येते. म्हणजे सेकंदाला जवळपास २४६ लिटर वायू! बाहेरची जेवढी हवा आत गेली, त्याच्या तिपटीहून जास्त.

आता वेगाची मर्यादा ठरवा. मी सेकंदाला ९० मीटर धरतो. २४६ लिटरला त्या वेगानं जाऊ द्यायला २७ चौरस सेंटिमीटर वाट लागते, म्हणजे आतला व्यास ५९ मि.मी. पाइप बाहेरच्या मापानं विकला जातो हे विसरू नका. दीड मि.मी. जाडीच्या अडीच इंची पाइपचा आतला व्यास ६०.५ मि.मी. असतो. म्हणजे डाउनपाइप, टर्बाइनला लागून असलेला पहिला पाइप, अडीच इंची.

दोन इंचीनं काय बिघडतं? वेग १३७ मीटरवर जातो आणि घर्षणानं वाया जाणारा दाब सव्वातीन पट होतो, कारण हे नुकसान व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. शिवाय टर्बाइन हा दाब इंजिनाकडे गुणून पाठवतं. टर्बाइनच्या अलीकडचा दाब पलीकडच्या दुप्पट असेल आणि पलीकडचा दाब १.१ वरून १.३ बार झाला, तर तेच काम करायला अलीकडे २.२ ऐवजी २.६ बार लागतात. पलीकडे वाढले ०.२, पण पिस्टनला ढकलावे लागतात ०.४ जास्तीचे.

तीन इंची लावला तर बूस्ट उशिरा येतो हे खरं नाही. तोटे वेगळे आहेत: वजन, गाडीखालची अपुरी जागा आणि केबिनमधला घुमणारा आवाज. या इंजिनाला त्यातून मिळणारा फायदाही थोडाच.

मागे जाता जाता वायू थंड होतो, आक्रसतो. शेपटाकडे ४०० अंश आणि बाहेरच्या हवेइतका दाब धरला तर २४६ चे १८४ लिटर उरतात आणि ५१ मि.मी. आतला व्यास पुरतो. म्हणून मागचा अर्धा भाग सव्वादोन इंची करा. जागा आणि आवाज दोन्हींची बचत होते.

डिझेलला १० हॉर्सपॉवरचा आडाखा लावू नका. तिथे त्याच ताकदीला हवा जास्त लागते आणि वायू थंड असतो, तेव्हा वरचा हिशेब त्याच्या आकड्यांनी नव्यानं करा.

व्यास बरोबर असूनही अडणाऱ्या जागा

टर्बाइनचं तोंड ४५ मि.मी. आणि पाइप ६० मि.मी. असेल तर मध्ये एकदम पायरी नको. दोन्ही बाजूंनी सात-आठ अंशांनी उघडणारा शंकू लावा. सहा सेंटिमीटर लांबी पुरते. वेस्टगेटची (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी) झडप डाउनपाइपात पूर्ण उघडते ना, हे फ्लँज आवळण्याआधी हातानं फिरवून पाहाच. ती अडली तर बूस्ट आवरत नाही.

बेंड चपटे नकोत. वळवताना आत आधार न दिलेला पाइप वळणावर दबतो आणि अडीच इंचीचे पैसे देऊन दोन इंची पाइप पदरी पडतो. सायलेन्सर आरपार जाळीच्या नळीचा घ्या आणि आत टॉर्च मारून बघा, कारण तोंड मोठं आणि आतली नळी बारीक असा माल सर्रास मिळतो. कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढू नका. तो अडत असेल तर मोठ्या तोंडाचा लावा, आणि ऑक्सिजन सेन्सर मूळ अंतरावरच ठेवा.

पाइप तापून वाढतो. ३०४ स्टेनलेसचा अडीच मीटरचा पाइप सरासरी ४०० अंशांनी तापला तर १७ मि.मी. लांबतो. लवचीक जोड आणि रबरी हँगर त्यासाठीच असतात. ते वगळले तर वेल्ड तडकतात.

शेवटी मोजा

टर्बाइनच्या लगेच मागे आणि कन्व्हर्टरच्या मागे एकेक छोटी आट्यांची बुश वेल्ड करून घ्या. सेन्सर काढून ती जागा वापरू नका, इंधनाचं प्रमाण बिघडतं. बुशला मीटरभर धातूची बारीक नळी, तिच्या टोकाला रबरी होज आणि पुढे ०.५ बारचा गेज जोडा. पहिल्या फेऱ्या हलक्या पायानं मारा आणि बूस्टवर नजर ठेवा. मागचा अडथळा हटल्यावर लहान वेस्टगेट कमी पडून बूस्ट आपोआप चढत जातो, असं बऱ्याचदा घडतं. तसं दिसलं तर वेस्टगेट आणि ट्यूनिंग आधी नीट करून घ्या.

मग डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) पूर्ण भाराला वाचन घ्या. पुढच्या बुशवर ०.०७ बारच्या आत असेल तर उत्तम. ०.१५ च्या वर गेलं तर शोध घ्या: दोन वाचनांतला फरक मोठा असेल तर कन्व्हर्टर अडतोय, आणि मागच्या बुशवरचंच वाचन मोठं असेल तर सायलेन्सर किंवा एखादा दबलेला बेंड.