डिस्चार्ज मिळाला पण औषधं येईनात? तेव्हा काय करायचं

राउंडला मोठे डॉक्टर सांगून जातात की आज घरी जाऊ शकता, पेशंट कपडे बदलून बसतो, सामान भरून होतं, आणि मग दुपार उलटून गेली तरी औषधांची पिशवी काही येत नाही. अशा वेळी बहुतेक लोक एकतर गप्प बसून राहतात नाहीतर वैतागून औषधं न घेताच निघतात, आणि हे दुसरं जे आहे ना ते खरंच धोक्याचं आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. "आज सोडतोय" हे तोंडी सांगितलेलं असतं. त्यानंतर ज्युनिअर डॉक्टरला डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी लिहायची असते, आणि तो त्याच वेळी बाकीच्या पेशंटच्या मागे धावत असतो. ती यादी फार्मसीत गेली की फार्मसिस्ट बघतो की पेशंट घरी आधी काय घेत होता, वॉर्डात काय चालू होतं, आता काय लिहिलंय, ॲलर्जी कशाची आहे, किडनीच्या रिपोर्टप्रमाणे डोस बरोबर आहे का. काही चुकीचं वाटलं तर तो डॉक्टरला फोन करतो आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये असला की सगळं तिथेच थांबतं. मग औषधं काढायची, लेबल लावायची, परत एकदा तपासायची, वॉर्डात पाठवायची. त्यात राउंड सगळ्या वॉर्डांत सकाळीच होतात, त्यामुळे याद्याही सगळ्या एकदमच येऊन पडतात. ही तपासणी फुकटचा वेळखाऊपणा नाही हे मनापासून सांगतो, चुका इथेच सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करायची जी जागतिक मोहीम सुरू केली त्यात ज्या तीन गोष्टींवर भर दिलाय त्यातली एक हीच आहे, पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो टप्पा.

त्यामुळे "अजून किती वेळ?" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, सिस्टर म्हणणार होईल थोड्या वेळात. त्याऐवजी विचारा, "यादी लिहून झाली का? फार्मसीत गेली का? तिथे काही अडलंय का?" उत्तर मिळालं की कुणाला धरायचं ते कळतं. यादीच लिहिलेली नसेल तर फार्मसीच्या खिडकीवर उभं राहून भांडण्यात काय अर्थ आहे, ज्युनिअर डॉक्टरला गाठा. यादी गेलीये पण एकच औषध स्टॉकमध्ये नाही असं असेल तर बाकीची तयार करून ठेवा म्हणा आणि त्या एकासाठी पर्याय आहे का ते डॉक्टरला विचारा. सकाळच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलेत असंही असू शकतं, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस आयएनआर (रक्त किती लवकर गोठतं ते दाखवणारी तपासणी) बघून ठरतो आणि काही गोळ्यांचा रक्तातलं पोटॅशियम किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) बघून, मग तो रिपोर्ट आला का हे विचारायचं. मॉर्फिनसारख्या औषधांना वेगळे नियम आणि वेगळी नोंद लागते, तिथे जास्त वेळ लागणारच. महागड्या औषधाला इन्शुरन्सची मंजुरी लागत असेल तर त्याचे कागद कुणाच्या टेबलावर आहेत ते विचारा.

पण खरा वेळ वाचतो तो आदल्या दिवशी. संध्याकाळी सिस्टरला किंवा डॉक्टरला विचारून ठेवा की उद्या सोडायची शक्यता आहे का, असेल तर औषधांची यादी आजच लिहून ठेवता येईल का, एखादं औषध बाहेर सहज मिळत नाही असं आहे का. घरी चालू असलेल्या गोळ्यांची नावं, डोस आणि वेळा एका कागदावर लिहून द्या, जमलं तर स्ट्रिप्सचे फोटो मोबाइलवर ठेवा, कारण फार्मसिस्टचे बरेच फोन याच माहितीसाठी चाललेले असतात. शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी सोडणार असतील तर हे आणखी महत्त्वाचं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फार्मसीत माणसं कमी असतात. लहान मुलासाठी मुद्दाम बनवावं लागणारं सिरप असेल तर तेही आधीच सांगायला हवं.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट. डिस्चार्ज झाला म्हणून वॉर्डातला औषधाचा चार्ट बंद होऊ शकतो आणि पेशंट मात्र अजून तिथेच बसलेला असतो, मग दुपारचा डोस कुणी द्यायचा? वॉर्डाला वाटतं घरी जाऊन घेतील, घरच्यांना वाटतं दिला असेल. तर पुढचा डोस कधीचा आहे हे विचारून ठेवा आणि ती वेळ आली की स्पष्ट म्हणा, "सिस्टर, हा डोस इथेच द्या." पार्किन्सनच्या पेशंटला लेव्होडोपा उशिरा मिळाली की अंग आखडतं, हालचाल अडते. फिट्सच्या गोळ्यांचं तसंच, डोस चुकला तर फिट येऊ शकते. इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ जुळवावी लागते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (छोटी जाळीची नळी) नुकताच बसवलाय त्याची क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एक दिवसही चुकू देऊ नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस, बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड, चालू अँटिबायोटिक, यातलं काही असेल तर औषध हातात आल्याशिवाय निघायचंच नाही.

निघावंच लागलं, म्हणजे रात्र होत आली किंवा न्यायला आलेल्या माणसाला थांबणं शक्य नाही, तर वॉर्डातून एक-दोन दिवस पुरतील एवढे डोस मागा, बऱ्याचदा देतात, फक्त मागावे लागतात. बाहेरच्या मेडिकलमधून घ्यायचं असेल तर प्रिस्क्रिप्शन हातात घ्या आणि वॉर्डातून निघायच्या आधी त्या मेडिकलला फोन करून औषध आहे का ते विचारा. घरी पोचल्यावर कळलं की मिळत नाही तर तेव्हा पर्याय लिहून द्यायला समोर डॉक्टर नसतो. पेशंटला घरी पाठवून एक माणूस औषधासाठी मागे ठेवणंही चालतं, पण पुढचा डोस लगेचचा नसेल तरच, आणि समजावून सांगतात ते ऐकायला पेशंटला सांभाळणारं माणूसच थांबलेलं बरं.

पिशवी आली की लगेच उठू नका, पाच मिनिटं बसा. प्रत्येक औषध यादीशी जुळवून बघा. नवीन कुठलं, बंद कुठलं, डोस कुणाचा बदलला, शेवटचा डोस किती वाजता दिला आणि पुढचा कधी, हे सगळं यादीवरच लिहून घ्या. किती दिवस घ्यायचं हे तर विचाराच. दवाखान्यात सुरू केलेली ॲसिडिटीची किंवा झोपेची गोळी, थांबवायची कधी हे कुणी न सांगितल्यामुळे पुढे उगाचच चालू राहते. घरात तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने आधीपासून असते आणि माणूस दोन्ही घेत बसतो, म्हणून ब्रँडचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव जुळवा. पॅरासिटामॉलचं तर हमखास होतं, ते सर्दीच्या गोळीतही असतं आणि दुखण्याच्या गोळीतही. फ्रीजमध्ये ठेवायचं औषध असेल तर प्रवास किती वेळाचा आहे ते आधीच सांगा. ॲडमिट होताना घरच्या गोळ्या वॉर्डात जमा केल्या असतील तर त्या परत मागा, पण बंद केलेल्या गोळ्या घरी नेऊन चालू गोळ्यांच्या डब्यात टाकू नका.

आणि वॉर्डाचा किंवा फार्मसीचा फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नका. घरी गेल्यावर एखादं औषध कमी निघालं, यादीत एक आणि पाकिटावर दुसरंच लिहिलेलं दिसलं, किंवा मधे डोस चुकला, तर अंदाजाने दोन गोळ्या एकदम घेऊ नका. त्या नंबरवर फोन करा, पेशंटचं नाव, डिस्चार्जची तारीख आणि औषधाचं नाव सांगा आणि आता नेमकं काय घ्यायचं ते विचारा. रात्र असली तरी करा, वॉर्डात ड्युटीवर कुणीतरी असतंच.