विमानाला किती तास लागतील? अंतरापासून घड्याळापर्यंतचा हिशेब

तिकिटं काढून देणं हे माझं काम. "किती तासांचा प्रवास?" असं कोणी विचारलं की मी आधी अंतर काढते, कारण वेबसाइटवरचा आकडा नेमका कशाचा आहे हे बऱ्याचदा कळत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणून विमान नाकासमोर पश्चिमेला जात असेल असं वाटतं. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वाकते. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर ठेवा आणि दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करून उलटा कोसाइन घेतला की अंशांत अंतर मिळतं. (एक शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल तर त्याचा अक्षांश उणे धरायचा.) माद्रिद ४०.४ उत्तर, ३.७ पश्चिम, न्यूयॉर्क ४०.७ उत्तर, ७४ पश्चिम. उत्तर येतं सुमारे ५१.९ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर ५,७७० किलोमीटर. अक्षांश धरून सरळ पश्चिमेला गेलं तर १७० किलोमीटर जास्त पडतात.

आता वेळ. मोठं जेट विमान वर स्थिरावलं की ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं. मी ८५०च धरते आणि वर अर्धा-पाऊण तास मिळवते, कारण वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि त्यात रनवेपर्यंत रांगत जाणंही आलं. इथे उत्तर येतं साडेसात तासांच्या आतबाहेर.

प्रत्यक्षात मात्र जाताना आठ तासांच्या आसपास लागतात आणि येताना सातच्या. हा खेळ जेटस्ट्रीमचा. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जास्त जोर धरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं! तेव्हा पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासात जाण्याचा वेळ दुप्पट करून परतीचा हिशेब मांडू नका.

हवाई हद्द बंद असेल तर अंतराच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय विमानांना बंद झाली आणि साडेनऊ तासांच्या आसपासचं हेलसिंकी-टोकियो उड्डाण तेरा तासांवर गेलं. शहरं होती तिथेच आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात, त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, बदला. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, होनोलुलू १० तास मागे. टोकियोहून रात्री ९ ला निघालात आणि ७ तास उडालात, तर होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी ९ ला उतराल. तिकिटावर ही चूक वाटते, पण ते बरोबर असतं. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी जास्त जपा. अमेरिका आणि युरोप घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे माद्रिद-न्यूयॉर्कमधला सहा तासांचा फरक तेव्हा काही दिवस पाचच तासांचा असतो.